४४० टक्के डिव्हिडंड म्हणजे किती रुपये, आणि डीमार्ट शून्य का देते?

शेअर बाजारात नुकत्याच आलेल्या माणसाकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "अमुक कंपनीने ४४० टक्के डिव्हिडंड जाहीर केलाय, घेऊन टाकू का?" दुसरा: "तमुक कंपनी एवढी कमावते, पण भागधारकाला एक पैसा देत नाही. काहीतरी गडबड आहे ना?" दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच असते, की डिव्हिडंड म्हणजे दिवाळीच्या बोनससारखं वरचं काहीतरी. पण डिव्हिडंड म्हणजे लाभांश, कंपनीच्या नफ्यातून भागधारकांना वाटलेला हिस्सा, आणि तो पैसा आधीपासून भागधारकांचाच असतो. तो कंपनीच्या तिजोरीत राहावा की तुमच्या बचत खात्यात यावा, एवढंच ठरायचं असतं. हे एकदा पक्कं झालं की बाकीचा हिशोब शाळेतल्या गणिताइतका आहे.

आधी टक्के सोडवा

डिव्हिडंडचे टक्के शेअरच्या बाजारभावावर नसतात, दर्शनी मूल्यावर असतात. दर्शनी मूल्य म्हणजे फेस व्हॅल्यू: शेअरवर छापलेली किंमत, सहसा १, २, ५ किंवा १० रुपये. इन्फोसिसचं उदाहरण घ्या. २०२४-२५ या वर्षासाठी कंपनीने शेअरमागे २२ रुपयांचा अंतिम डिव्हिडंड दिला. दर्शनी मूल्य ५ रुपये, म्हणजे ४४० टक्के. मथळा वाचून वाटतं पैसे चौपटीहून जास्त झाले. त्या काळात शेअरचा भाव दीड हजारांच्या आसपास होता, म्हणजे हातात पडले साधारण दीड टक्का.

एमआरएफ तर याचा कळस. त्याच वर्षाचे दोन अंतरिम डिव्हिडंड प्रत्येकी ३ रुपये आणि अंतिम २२९ रुपये, एकूण २३५. दर्शनी मूल्य १० रुपये, म्हणजे २,३५० टक्के! पण शेअरचा भाव एक लाखाच्या वर. बाजारभावावर काढलं तर पाव टक्काही होत नाही.

म्हणून बातमी वाचली की टक्के सोडून द्या आणि दोनच आकडे शोधा: शेअरमागे रुपये किती आणि आजचा भाव किती. पहिल्याला दुसऱ्याने भागा, शंभरने गुणा. याला डिव्हिडंड यील्ड म्हणतात. कंपन्यांची तुलना करायची तर या आकड्यावर करा, आणि तीसुद्धा जपून. का, ते पुढे येईल.

मग तारखा बघा

नवखे सगळ्यात जास्त इथे फसतात. कोणता डिव्हिडंड आहे ते आधी पाहा. अंतरिम डिव्हिडंड संचालक मंडळ वर्षाच्या मध्ये परस्पर जाहीर करू शकतं. अंतिम डिव्हिडंडची मंडळ फक्त शिफारस करतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारक त्याला मंजुरी देतात. गंमत म्हणजे सभा तो आकडा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. "डिव्हिडंड वाढवा" म्हणून माईकवर कितीही तावातावाने बोललात तरी शिफारशीच्या वर एक रुपया जाता येत नाही.

दुसरी बघायची ती रेकॉर्ड डेट. त्या दिवशी ज्याच्या डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, शेअर आहे, डिव्हिडंड त्याचा. आपल्याकडे जानेवारी २०२३ अखेरपासून सगळ्याच शेअरचे व्यवहार एका दिवसात पुरे होतात, आज घेतलेला शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतो. म्हणून रेकॉर्ड डेटच्या निदान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली हवी. वरच्याच इन्फोसिसच्या डिव्हिडंडची रेकॉर्ड डेट शुक्रवार ३० मे २०२५ होती, म्हणजे गुरुवारी २९ मेपर्यंत घेणारे पात्र. शुक्रवारी सकाळी घेतला असता तर शेअर तुमचा, डिव्हिडंड आदल्या मालकाचा. एक्स-डेट म्हणतात ती हीच: या दिवसापासून शेअर डिव्हिडंडशिवाय विकला जातो. जुन्या पुस्तकांत एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या एक दिवस आधी असते असं सापडेल. ते दोन दिवसांच्या सेटलमेंटच्या काळातलं आहे. आता सहसा दोन्ही एकाच दिवशी येतात.

सभेची मंजुरी मिळाली, किंवा अंतरिम असेल तर मंडळाने जाहीर केलं, की ३० दिवसांच्या आत पैसे देणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे.

आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी विकलं तर?

ही युक्ती प्रत्येकाला सुचते. मलाही सुचली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा काही दोष नव्हता. भाव १८०, डिव्हिडंड ८ रुपये. रेकॉर्ड डेटच्या आदल्या दुपारी २०० शेअर घेतले. १,६०० रुपये फुकट मिळणार म्हणून रात्री वहीत लिहूनही ठेवलं. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि शेअर १७२ वर. मला वाटलं ॲप बिघडलं. मग कळलं, कंपनीच्या तिजोरीतून शेअरमागे ८ रुपये बाहेर जाणार हे बाजारालाही ठाऊक असतं, भाव तेवढा खाली येऊनच उघडतो. रोजची चढउतार त्यात मिसळते, त्यामुळे घट अगदी रुपयाला रुपया दिसतेच असं नाही. पुढच्या आठवड्यात भाव १६८ झाला. मी वैतागून विकले. १,६०० आले, त्यावर कर भरला, भावात २,४०० गेले, दलाली वेगळी. वहीतलं ते पान अजून आहे.

म्युच्युअल फंडांत हाच गैरसमज इतका पसरला होता की बाजाराच्या नियामकाने, सेबीने, एप्रिल २०२१ पासून डिव्हिडंड पर्यायाचं नावच बदलायला लावलं. आता त्याला आयडीसीडब्ल्यू म्हणतात, म्हणजे उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलातून काढून देणं. नाव बोजड आहे, पण प्रामाणिक आहे.

पैसे येतात कुठे, आणि कर किती

डिव्हिडंड डीमॅट खात्यात किंवा ब्रोकरच्या वॉलेटमध्ये येत नाही. डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. पासबुकात एसीएच किंवा एनएसीएच आणि पुढे कंपनीचं अर्धवट तुटलेलं नाव, अशी नोंद दिसते. ब्रोकरच्या ॲपमध्ये शोधून "डिव्हिडंड आलाच नाही" म्हणणारे बरेच भेटतात. जोडलेलं खातं बंद असेल तर पैसे कंपनीकडे परत जातात, आणि तिथून पुढचा प्रवास लांबतो. त्याची कथा शेवटी सांगतो.

कराचं असं आहे. मार्च २०२० पर्यंत कंपनीच डिव्हिडंड वितरण कर भरून मग पैसे वाटायची. १ एप्रिल २०२० पासून तो कर गेला आणि डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे करपात्र झाला. रिटर्नमध्ये तो इतर स्रोतांतलं उत्पन्न या सदरात दाखवायचा. एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांहून जास्त मिळाले तर कंपनी १० टक्के टीडीएस कापून पैसे देते. ही मर्यादा एप्रिल २०२५ च्या आधी ५,००० होती. कापला नाही म्हणजे कर नाही, असं मात्र समजू नका. करखात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या वार्षिक माहिती विवरणात प्रत्येक कंपनीचा डिव्हिडंड दिसतो, अगदी ३६ रुपयांचासुद्धा. रिटर्न भरण्याआधी ते उघडून ताळा करा. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना साधारण २० टक्क्यांनी कापून मिळतो. त्या देशाशी भारताचा दुहेरी करटाळणी करार असेल तर कागदपत्रं वेळेत देऊन दर कमी करून घेता येतो.

आता दुसरा प्रश्न: न देणारे का देत नाहीत?

डीमार्टचा शेअर म्हणजे अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स. पवईतलं पहिलं दुकान २००२ सालचं. मार्च २०१७ मध्ये कंपनी बाजारात आली, शेअर २९९ रुपयांना दिला. तेव्हापासून मार्च २०२५ पर्यंतच्या एकाही वर्षासाठी डिव्हिडंड नाही. तोट्यात आहे म्हणून? छे. २०२४-२५ चा निव्वळ नफा २,७०० कोटींच्या घरात होता.

आता दुकानांची संख्या बघा. मार्च २०१७ अखेर १३१, मार्च २०२४ अखेर ३६५, मार्च २०२५ अखेर ४१५. एका वर्षात पन्नास दुकानं. त्यातही या कंपनीची खोड अशी की शक्यतो जागा भाड्याने घ्यायची नाही, विकत घ्यायची किंवा लांब मुदतीच्या पट्ट्याने घ्यायची. दुकान उघडण्याआधीच जमीन आणि बांधकामात मोठा पैसा अडकतो, पण मग महिन्याचं भाडं नाही, म्हणून तूरडाळ चार रुपये स्वस्त विकता येते. असं दुकानामागून दुकान उघडायचं तर पैसा कुठून आणायचा? कर्ज काढायचं, नवे शेअर विकायचे किंवा नफा घरातच ठेवायचा. डीमार्टने मुख्यतः तिसरा रस्ता धरला. विस्तारासाठी पैसा राखून ठेवतो, हेच त्यांचं उत्तर.

समजा त्या वर्षी कंपनीने अर्धा नफा वाटला असता. नफा शेअरमागे सुमारे ४१ रुपये, अर्धा म्हणजे वीसेक. तेव्हा भाव चार हजारांच्या आसपास. म्हणजे यील्ड अर्धा टक्का, आणि त्यातूनही कर जाणार. दुसऱ्या बाजूने, वर्षाला सुमारे १,३०० कोटी दुकानांसाठी कमी पडले असते.

यात प्रवर्तकांचं, म्हणजे कंपनी उभी करून ताबा ठेवणाऱ्यांचं, गणितही असतं, ते सहसा कोणी उघडपणे बोलत नाही. डीमार्टचे सुमारे तीन चतुर्थांश शेअर प्रवर्तकांकडे आहेत. वरच्या टप्प्यातल्या व्यक्तीला डिव्हिडंडवर अधिभार आणि उपकर धरून ३५ टक्क्यांच्या वर कर बसतो. पैसा कंपनीत राहिला तर तो कर आज लागत नाही. सरकारी कंपन्यांत हे उलटं होतं. तिथे प्रवर्तक म्हणजे केंद्र सरकार, त्याला अर्थसंकल्पासाठी रोकड हवी असते. म्हणून केंद्राच्या कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ४ टक्के, यातलं जे जास्त तेवढा किमान डिव्हिडंड द्यावा असा नियमच आहे. कोल इंडियासारख्या कंपन्यांचा यील्ड जास्त दिसतो त्यात या नियमाचाही वाटा आहे. तेव्हा मोठा भागधारक कोण आणि त्याला रोकड हवी की नको, हे आधी बघावं.

वाढीचा टप्पा सरला की न देणारेही द्यायला लागतात. मायक्रोसॉफ्ट १९८६ मध्ये बाजारात आली, पहिला डिव्हिडंड २००३ मध्ये. ॲपलने पैशाची चणचण आली तेव्हा १९९५ नंतर बंद केला आणि २०१२ मध्ये परत सुरू केला. गूगलची अल्फाबेट आणि फेसबुकची मेटा, दोघींनी २०२४ मध्ये सुरुवात केली. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने त्यांच्या हातात कंपनी आल्यापासून एकदाच, १९६७ मध्ये, शेअरमागे दहा सेंट दिले. त्यानंतर नाही.

हे झाले स्वतःच्या मर्जीने न देणारे. काहींना देता येत नाही. डिव्हिडंड नफ्यातून द्यायचा असतो, चालू वर्षाच्या किंवा आधी साठलेल्या. तोट्यात बुडालेल्या कंपनीला मनात असूनही वाटता येत नाही. व्होडाफोन आयडियाचे भागधारक हे वर्षानुवर्षं अनुभवताहेत. कर्ज देणाऱ्या बँका करारात अट घालतात: आमचे हप्ते थकले तर भागधारकांना वाटायचं नाही. आणि कधी नियामक हात धरतो. कोविडच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून आणखी डिव्हिडंड देऊ नका असं सांगितलं. त्या वर्षीचा अंतिम डिव्हिडंड एचडीएफसी बँकेनेही दिला नाही, त्यावरून तिची तब्येत बिघडली होती असं कोणी म्हणणार नाही.

राखलेला पैसा कामाला लागलाय का, हे कसं तपासायचं

मी स्वतः तीन गोष्टी बघतो. वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पत्रक असतं. त्यात नवीन यंत्रं, जागा, दुकानं यांवर किती खर्च झाला ती ओळ शोधा. नफा राखला आणि ती ओळ फुगलेली असेल तर पैसा कामावर गेला. ती ओळ रोडावलेली आणि बँकेतल्या ठेवी, म्युच्युअल फंड मात्र दरवर्षी वाढताहेत, तर कंपनी तुमच्या पैशाची एफडी करते आहे. एफडी तुम्हालाही करता येते.

दुसरं, भांडवलावरचा परतावा. कंपनी राखलेल्या १०० रुपयांवर वर्षाला १८ टक्के मिळवत असेल आणि ते दहा वर्षं टिकलं तर त्यांचे सुमारे ५२३ रुपये होतात. तेच १०० डिव्हिडंड म्हणून आले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलात, तर उपकर धरून हातात उरतात सुमारे ६९. ते ७ टक्क्यांच्या एफडीत टाकले तर दहा वर्षांनी कर जाऊन ११० च्या आसपास. फरक केवढा आहे बघा. अर्थात १८ टक्के दहा वर्षं टिकवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि एफडीत झोप शांत लागते. निवृत्त माणसाला दर तिमाहीला औषधपाण्यासाठी पैसे हवे असतील तर त्याने हे गणित बाजूला ठेवून देणाऱ्या कंपन्या घ्याव्यात, त्यात काही चूक नाही. त्याचा कराचा टप्पाही बहुधा खालचा असतो.

तिसरं, डिव्हिडंड वितरण धोरण. बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना ते संकेतस्थळावर ठेवणं सेबीने सक्तीचं केलं आहे. बहुतेक धोरणं गुळमुळीत असतात. पण काही कंपन्या "नफ्याच्या अमुक टक्के देऊ" असं स्पष्ट लिहितात, तेवढी ओळ वाचायला पाच मिनिटं पुरतात.

जास्त यील्डचा सापळा

आता मघाशी राहिलेली गोष्ट. यील्ड मागच्या वर्षीच्या डिव्हिडंडवर काढलेला असतो. वेदांताने २०२२-२३ मध्ये पाच अंतरिम डिव्हिडंड दिले, बेरीज १०१ रुपये ५० पैसे. वर्षअखेर शेअरचा भाव पावणेतीनशेच्या आसपास होता. कुठल्याही ॲपवर यील्ड ३५ टक्क्यांच्या वर दिसत होता. ते बघून एफडी मोडून शेअर घेणारे मी पाहिले. पुढच्या वर्षी डिव्हिडंड झाला २९ रुपये ५० पैसे. ही रक्कमही मोठीच, पण ३५ टक्क्यांच्या आशेने आलेल्याला ती थोडीच वाटणार. यील्ड ८-१० टक्क्यांच्या वर दिसला की निदान पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडा. एकाच वर्षी जमीन विकून विशेष डिव्हिडंड दिलाय का, शेअरमागच्या नफ्यापेक्षा वाटप जास्त आहे का, की भावच कोसळल्यामुळे भागाकार फुगलाय, हे लगेच दिसतं.

न घेतलेल्या डिव्हिडंडचं काय होतं

वडील गेल्यावर कपाटातल्या चोरकप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी सापडली. आत कागदी शेअर सर्टिफिकेटं आणि सुतळीने बांधलेली डिव्हिडंड वॉरंटं. फिकट गुलाबी कागद, मधोमध टोचे मारलेली फाडायची रेघ, रक्कम ६४ रुपये. चेकसारखीच ती, मुदत संपली की रद्दी. मध्यंतरी आम्ही घर बदललं होतं, कंपनीला पत्ता कळवला नव्हता, पुढची वॉरंटं जुन्याच दारात जाऊन परतली असणार.

अशा पैशाचं कायद्यात असं होतं: न घेतलेला डिव्हिडंड कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते. सात वर्षांत कोणी मागितला नाही तर तो आयईपीएफ या सरकारी निधीत जातो, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी. आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर ते शेअरसुद्धा तिकडे जातात. बुडत नाहीत, पण परत मिळवायला खेटे घालावे लागतात. आयईपीएफच्या संकेतस्थळावर नाव किंवा फोलिओ नंबर टाकून शोधता येतं. नोंद सापडली की आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) कागदपत्रं देऊन हक्काचं पत्र मिळवायचं, मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत, हमीपत्र, रद्द केलेला चेक, आधार, पॅन कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचं. डीमॅट खातं लागतंच. मूळ भागधारक हयात नसेल तर वारसाचे कागद वेगळे.

आमच्या अर्जात वडिलांचं नाव सर्टिफिकेटवर एका आडनावाच्या स्पेलिंगने आणि पॅनवर दुसऱ्याच स्पेलिंगने होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. एकदा फाईल परत आली, दुसऱ्यांदा गेली. अकरा महिन्यांनी शेअर आईच्या डीमॅटमध्ये आले आणि पाठोपाठ साठलेला डिव्हिडंडही. त्याच संध्याकाळी तिच्या आणि माझ्या डीमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे का ते तपासलं आणि दोन्हींना नॉमिनी लावला. मोबाईलवर दहा मिनिटांचं काम होतं.